दगडाला कोणती लस दिली होती?

अच्छाडला हायवेच्या कडेला, एका ढाब्याला लागून डॉक्टर तुषारचा गाळा होता. दर रविवारी सकाळी तिथे बायकांची रांग लागायची. प्रत्येकीच्या कडेवर मूल आणि हातात वाटी. वाटीत तिच्याच घरची भाताची पेज, म्हणजे शिजलेल्या भाताचं वरचं पांढुरकं पाणी. ढाब्यावर चहा पिणारे ट्रकवाले वळून वळून बघायचे. दवाखान्यात येताना बायका खायचं घेऊन का येतात, हे त्यांना कळत नसे.

मी संगिता. तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. लहान मुलांना लस टोचणं हे माझं पस्तीस वर्षांचं काम. त्या रविवारी सुट्टी असून मी मसोलीच्या घरून बस पकडून अच्छाडला आले आणि एका उभ्या ट्रकच्या आडोशाने तुषारचा खेळ बघत राहिले. अशी चोरून उभी राहायची वेळ माझ्यावर आली होती, कारण गेले सात महिने माझ्या लसीच्या दिवशी अंगणवाडीत चारपाच मुलांच्या वर कोणी फिरकत नव्हतं.

तुषारने आमच्या पाड्यावरच्या नवशीला पुढे बोलावलं. तिचा दीड वर्षांचा मुलगा तिला चिकटून बसला होता.

"पेज कोणाच्या घरची?"

"माझ्याच."

"तांदूळ?"

"आमच्या शेतातला."

"बघा सगळ्यांनी. भांडं हिचं, पेज हिची, पोरगा हिचा. माझं काही नाही. अन्न शुद्ध असतं आणि शुद्ध अन्न विष ओळखतं. याला म्हणतात नॅचरल डिटेक्शन."

अन्न विष ओळखतं म्हणे. मग उंदराचं औषध लावलेली भाकरी ओरडून सांगत का नाही, असं विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. पण मी ट्रकच्या आडून हलले नाही.

तुषारने एक काळपट बाटली उघडली. तिच्यावर 'शोधक' अशी चिठ्ठी होती. त्याने कापसाचा बोळा बाटलीतल्या पाण्यात बुडवला, नवशीच्या मुलाच्या मांडीवर, बरोबर मी टोचलं होतं तिथे, हळूच फिरवला आणि वाटीत पिळला. पांढऱ्या पेजेत थेंब पडले आणि बघता बघता पेज काळीनिळी झाली. रांगेतल्या बायका मागे सरकल्या.

"हे तुझ्या पोराच्या अंगात आहे," तुषार शांतपणे म्हणाला. "दर महिन्याला टोचतात ते हे."

मग त्याने एका डबीतून तीन आंबटगोड गोळ्या काढल्या, चुरून वाटीत टाकल्या आणि ढवळल्या. काळा रंग फिका होत गेला, आणि पेज पुन्हा होती तशी पांढरी झाली. "आता हेच पोटात घडेल. सुई नाही, ताप नाही. बॉडीची स्वतःची पॉवर." नवशीने मुलाला गोळी चघळायला दिली आणि डॉक्टरच्या पाया पडली.

तुषार कुठून तरी आलेला भोंदू असता तर माझं काम सोपं होतं. पण तो आमचा होता. आमच्या पाड्यावरच्या शुक्रीबाईचा मुलगा. त्याला लसीचे सगळे डोस मीच दिले होते. शुक्रीबाई त्याला पाठीला बांधून दोन टेकड्या ओलांडून यायची आणि एकही तारीख चुकवायची नाही. त्याच्या डाव्या दंडावरचा गोल व्रण माझ्या हातचा आहे. पोरगा आश्रमशाळेत शिकला, स्कॉलरशिप मिळवली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खाजगी कॉलेजात साडेपाच वर्षं काढून डॉक्टर होऊन आला. पाड्यावरचा पहिला डॉक्टर. त्याने गाळा उघडला तेव्हा मी मसोलीत शेजाऱ्यांना पेढे वाटले होते. त्याची डिग्री कोणत्या पद्धतीची, ते मी सांगत नाही. त्याच डिग्रीचे दोन डॉक्टर आपापली मुलं माझ्याकडे टोचायला आणतात, त्यामुळे दोष पद्धतीला देऊन मोकळं होता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवशीच्या घरी गेले. तिने पाट दिला, पाणी दिलं आणि मान खाली घालून म्हणाली, "बाय, राग नको धरू. एक विचारू का? तू किती वर्षं शिकलीस?"

"दीड वर्ष."

"आणि त्यो साडेपाच. मंग मी कोणाचा ऐकू?"

डॉक्टरचं ऐका, डॉक्टरचं ऐका, असं तिला मीच दहा वर्षं सांगत आले होते. ती डॉक्टरचंच ऐकत होती.

तशीच तणतणत मी अच्छाड गाठलं. तुषारने मला बघून खुर्ची पुसली. लहानपणापासून तो मला मावशी म्हणतो.

"मावशी, तुम्ही चिडणार हे मला माहीत होतं. पण मी खोटं करत नाही. फर्स्ट इयरला आमच्या सरांनी भर वर्गात दाखवलं होतं. माझ्याच दंडावर बोळा फिरवला, या व्रणावर. वाटी काळी झाली. मी तीन रात्री झोपलो नाही. मला वाटलं, हे माझ्या अंगात आहे आणि माझ्या आईला कोणी सांगितलंच नाही."

"त्या बाटलीत काय असतं?"

"वनस्पतींचा अर्क. सरांच्या ओळखीच्या कारखान्यातून सीलबंद येतो. फॉर्म्युला सिक्रेट आहे."

"तू घटसर्प बघितलायस का रे कधी? गोवर झालेलं मूल?"

"घटसर्प? डिप्थेरिया आता आहे कुठे? पुस्तकात अर्धं पान होतं."

"तो नाही, कारण तुझ्या आईने तुला पाठीवर बांधून आणलं होतं. मी शिकायला होते तेव्हा आम्हाला एका वॉर्डात उभं केलं होतं. सात मुलं होती घटसर्पाची. घशात करडा पापुद्रा धरलेला, गळा सुजून हनुवटीला टेकलेला. मी आठ दिवस त्यांना चमच्याने पाणी पाजत होते. पाणी नाकातून परत यायचं. सातातली दोन घरी गेली."

त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग फार मायेने म्हणाला, "मावशी, तुम्हाला भीती दाखवून शिकवलंय. आम्हाला सायन्स दाखवून."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याची डिग्री काढली, कॉलेज काढलं, त्याचे सर काढले. तो ऐकून घेत होता. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावर होती, हाताच्या अंतरावर. मी तिचं झाकण काढून नुसता वास घेतला असता तरी पुढचं काही झालं नसतं. पण मी त्याच्या शिक्षणाशी भांडत बसले आणि बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस शिकताना पहिल्यांदा जे डोळ्यांनी बघतो, ते त्याला जन्मभर खरं वाटतं. मला वॉर्ड दाखवला होता, त्याला वाटी. आमच्यापैकी एकाचं खरं निघालं ते माझ्या हुशारीमुळे नाही. मला शिकवणारे बरे भेटले होते, एवढंच.

तुषारला साडेतीन वर्षांची मुलगी होती. तिचं नाव जिवली, त्याच्या आजीचं. तिच्या पाठीवर दोन महिन्यांचा मुलगा. दोन्ही बाळंतपणं तुषारने आपल्या देखरेखीखाली घरीच करवली होती, आणि दोघांच्याही अंगाला सुई लागलेली नव्हती. तरी मी जिवलीच्या नावाचं कार्ड बनवून ठेवलं होतं. ते माझ्या रजिस्टरमध्ये कोरंच पडून होतं.

महिन्याच्या लसीच्या दिवशी एकदा शुक्रीबाई जिवलीला घेऊन आली. सगळ्या बायका जाईपर्यंत अंगणवाडीच्या मागे थांबली आणि मग आत येऊन हळूच म्हणाली, "बाय, हिला टोचून टाक. तुषारला नाय सांगायचा. मी माझा पोर टोचूनच वाढवला."

जिवली माझ्या पिशवीत डोकावत होती. पोलिओच्या रविवारी डोस दिला की मुलाच्या करंगळीच्या नखावर आम्ही मार्करने खूण करतो. पाड्यावरच्या सगळ्या मुलांच्या नखाला ती खूण होती आणि हिच्या नव्हती. तिला त्याचं फार लागलं होतं. "मला पण," असं म्हणून तिने करंगळी पुढे केली.

तुषारने मला आधीच बजावलं होतं, माझ्या मुलांना कोणी हात लावला तर मी वरपर्यंत तक्रार करीन. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मी शुक्रीबाईला म्हटलं, "बापाची मर्जी नसताना मी कसं टोचू? त्याला समजाव आणि मग आण." जिवली रडेल म्हणून मी मार्कर काढला आणि तिच्या नखावर खूण केली. काही न देता नुसती खूण. ती करंगळी उंच धरून, सगळ्यांना दाखवत आजीच्या कडेवर बसून गेली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, तुषारची मोटरसायकल उपकेंद्राच्या दारात येऊन थांबली. मागे त्याची बायको सुषमा, तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली जिवली. शुक्रीबाई मागून धावत येत होती. माझ्यासोबत पाड्यावरची आशा कार्यकर्ती सोनीबाई होती. तुषारच्या हातात झाकण लावलेली वाटी होती. ती त्याने माझ्या टेबलावर आपटली. पेज काळीशार होती.

"सिस्टर, तुम्ही माझ्या मुलीला काय टोचलंत?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला सिस्टर म्हटलं.

"मी काही टोचलं नाही."

"चार दिवस तिला ताप आहे. घसा दुखतोय, काही गिळत नाही. माझ्या गोळ्या लागू पडत नाहीत. आज सकाळी मी तिच्या दंडावर बोळा फिरवला. ही वाटी बघा. माझ्या मुलीला सुई लागलेली नाही, मग वाटी काळी कशी झाली? आणि ही खूण कसली?" त्याने जिवलीची करंगळी वर केली. नखावर खूण अजून होती, अर्धी झिजलेली. "आईने चोरून आणलं होतं ना तिला? खरं बोला."

शुक्रीबाई दारातच खाली बसली. "नाय रे पोरा, टोचला नाय. मी सांगला होता, पण बायने नाय टोचला."

पस्तीस वर्षांत माझ्यावर पुष्कळ आरोप झाले. खरा असता तर बरं झालं असतं असं वाटायला लावणारा हा एकच.

मी त्याच्याकडे लक्ष न देता चादर बाजूला केली. जिवलीचा गळा दोन्ही बाजूंनी सुजून कानाच्या खाली आला होता. श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज येत होता आणि तोंडाला त्या वॉर्डातला वास होता. पस्तीस वर्षं झाली तरी मी तो विसरलेले नव्हते. सुषमाने तिचं तोंड उघडलं. घशात मागे करडा पापुद्रा दिसत होता.

मी सोनीबाईला गाडी बोलवायला सांगितलं. तुषार आडवा आला. "मोठ्या दवाखान्यात नाही न्यायची. तिथे अजून टोचतील. तुम्ही कोणती लस दिलीत तेवढं सांगा, मी त्यावर उतारा देतो."

"तुषार, हा घटसर्प आहे."

"लसीचं विष आहे. वाटी खोटं बोलत नाही."

"मग परत करून दाखव."

त्याच्या पिशवीत बाटली होती, डब्यात पेज होती. त्याने माझ्या स्टीलच्या वाटीत पेज ओतली आणि बाटली उघडली. झाकण निघालं आणि मला वास आला. मी उठून माझं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जखमेला लावायच्या टिंक्चर आयोडिनची जुनी बाटली पडली होती. दोन्ही बाटल्या त्याच्या नाकाखाली धरल्या. वास एकच होता. त्याचा हात थांबला.

उपकेंद्राचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही त्याला एक दगड लावून ठेवतो. ओहोळातला काळा दगड. मी तुषारच्याच हातातला बोळा घेतला, त्याच्याच बाटलीत बुडवला, दारापाशी जाऊन त्या दगडावर फिरवला आणि परत येऊन वाटीत पिळला. पेज काळी झाली.

"तुषार, या दगडाला मी कोणती लस दिली होती?"

खोलीत फक्त जिवलीच्या श्वासाचा आवाज होता. तुषारने दुसरा बोळा घेतला. कुठेही न फिरवता, तसाच बाटलीत बुडवला आणि उरलेल्या पेजेत पिळला. ती पण काळी झाली.

"शाळेत बटाट्याच्या फोडीवर आयोडिनचा थेंब टाकायचास, आठवतं?" मी म्हटलं. "फोड निळी व्हायची. बटाट्यात जो पिठाचा अंश असतो तोच पेजेत. तुझ्या आंबट गोळ्यांतल्या क जीवनसत्त्वाने तो रंग जातो, लिंबू पिळलं तरी जाईल. पोरांच्या अंगातून काहीच येत नाही. लस न घेतलेल्या एकाही माणसावर तुझ्या सरांनी कधी बोळा फिरवून दाखवला होता का?"

"वर्गात लस न घेतलेला कोणी नव्हताच," तो पुटपुटला. "आणि आम्ही विचारलं नाही."

सुषमाने गाडीचा आवाज ऐकला आणि मुलीला उचलून ती बाहेर निघाली. तुषारकडे तिने बघितलंही नाही. तो मागे धावला.

आधी डहाणू, तिथून राज्याच्या सीमेपलीकडचं मोठं हॉस्पिटल. मी बरोबर होते. घटसर्पावर एक उतारा असतो, खराखुरा. तो दुसऱ्या शहरातून मागवावा लागला, कारण हा रोग आता फारसा होतच नाही. लसीमुळे तो दिसेनासा झाला. दिसत नाही म्हणून लोक त्याला विसरले, आणि त्याच्यासोबत त्याचं औषधही विसरलं गेलं. तापाच्या पाचव्या दिवशी जिवलीला उतारा मिळाला.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तुषारला समोर बसवून, एका डॉक्टरने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं. हे जंतू घशात बसून विष तयार करतात. उतारा फक्त रक्तात फिरणारं विष पकडतो. हृदयाला जाऊन चिकटलेलं विष तो सोडवू शकत नाही. त्याच विषाची धार काढून लस बनवतात, म्हणजे शरीर आधीच तयार राहतं. "त्या विषाचा रंग कसा असतो?" तुषारने विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. त्या म्हणाल्या, "रंग? त्याला रंग नसतो."

दोन दिवसांत गळ्याची सूज उतरली. जिवली उठून बसली. तिने चहात बुडवून खारी खाल्ली आणि शेजारच्या पलंगावरच्या मुलाला आपली करंगळी दाखवली. आम्हाला वाटलं, सुटलो. शुक्रीबाईने देवीला नवस बोलला. नवव्या दिवशी सकाळी सुषमा तिची वेणी घालत होती. वेणी अर्धी झाली आणि जिवली आईच्या अंगावर कलंडली. सुषमाला वाटलं, पोरीला झोप लागली. तिने वेणी पुरी केली आणि मग तिला हाक मारली.

मी पुढचं सगळं बघितलं. तिला पांढऱ्या कापडात गुंडाळताना एक हात बाहेर राहिला होता. नखावर माझ्या मार्करची खूण होती. मी त्या मुलीला आयुष्यात दिलेली एकुलती एक गोष्ट, आणि ती खोटी.

दिवसकार्य झाल्यानंतरच्या रविवारी तुषारने गाळा उघडला. काही बाया सांत्वनाला आल्या होत्या, पण सवयीने वाट्याही घेऊन आल्या होत्या. तुषारने नवशीची वाटी मागितली. गाळ्यासमोरचा एक दगड उचलून टेबलावर ठेवला, त्याच्यावर बोळा फिरवला आणि वाटीत पिळला. मग कापूस नुसताच बुडवून दुसऱ्या वाटीत पिळला. मग तिसऱ्या. सगळ्या काळ्या झाल्या.

"हे आयोडिन आहे," तो म्हणाला. "कशावरही फिरवा, पेज काळीच होणार. मी तुम्हाला नऊ महिने खोटं दाखवलं. मला ते खरं वाटत होतं. मी कधी दगडावर करून बघितलं नाही. माझी जिवली लस नसल्यामुळे गेली. माझ्यामुळे गेली."

नवशी बराच वेळ वाटीकडे बघत राहिली. मग तिने ती तुषारच्या पायाशी उपडी केली. "माझा पोर मेला असता तर?" एवढंच विचारून ती निघाली. दोघीतिघी कुजबुजल्या, की पोरगी गेल्याने डॉक्टरचं डोकं फिरलं, की सिस्टरने त्याला फितवलं. त्या आता दुसरीकडे कुठे गोळ्या मिळतात का ते शोधतात, मला माहीत आहे. सगळी माणसं एका रविवारी शहाणी होत नाहीत.

तुषारने डिग्री भिंतीवरून काढली नाही. तिच्या खाली त्याने जिवलीचं कोरं कार्ड लावलं आहे. ते त्याने माझ्याकडून मागून नेलं. कोणी मूल घेऊन आलं की तो आधी ते कार्ड वाचायला लावतो. त्याने आपल्या सरांना पत्र लिहिलं, त्याला दोन महिन्यांत उत्तर आलेलं नाही.

मी फार शिकलेली बाई नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यासमोर कोणी पाणी काळं करील, कोणी पांढरं करील, तो तुमचाच माणूस असेल, त्याच्या भिंतीवर डिग्री असेल. तो मनाने चांगलाही असेल, आमचा तुषार होता तसा. त्याच्या पाया पडण्याआधी त्याला म्हणा, हेच दगडावर करून दाखव. मलाही म्हणा. मी लस टोचायला आले तर मला विचारा, यात काय आहे, याने किती मुलं वाचली, ताप का येतो. मी चिडले तरी विचारा. इतकी वर्षं विचारू दिलं असतं तर माझ्या माणसांनी उत्तर शोधायला अच्छाडची वाट धरली नसती.

परवाच्या लसीच्या दिवशी अंगणवाडीत एकोणीस मुलं होती. सगळ्यात शेवटी तुषार आणि सुषमा आले, धाकट्याला घेऊन. बाळाचा हा दुसरा डोस. तुषारने मांडी धरायला हात पुढे केला.

"मी धरते," सुषमा म्हणाली. "तू बघ."

त्याने हात मागे घेतला आणि बघत राहिला. मी टोचलं. बाळ रडलं, मग गप्प झालं. पोलिओचे दोन थेंबही दिले. मी कार्डावर तारीख घातली, ताप कशाने येतो ते दोघांना समजावून सांगितलं आणि सुषमाच्या हातात औषध दिलं. ती उठली नाही. बाळाची मूठ सोडवून तिने त्याची करंगळी माझ्यासमोर धरली.

"बाय, खूण कर," ती म्हणाली. "तिला लय हौस होती."

साध्या लसीच्या दिवशी खूण करत नाहीत. मी पिशवीतून मार्कर काढला आणि त्या एवढ्याशा नखावर खूण केली.